तिकीट कशाचे?

प्राणिसंग्रहालय पाहणे ही आपल्याकडे मुलांची करमणूक समजली जाते. मुलांना घेऊन जावे, वाघ दाखवावा, माकडांच्या माकडचेष्टांना हसावे, भेळ खावी आणि दमूनभागून घरी यावे, असा तो ठरीव कार्यक्रम असतो. मुंबईत बालपण गेलेल्यास राणीची बाग आठवते, पुणेकरास पेशवे पार्क आठवते, नागपूरकरास महाराजबाग. मोठेपणी आपण पुन्हा तेथे जातो, परंतु तेव्हा आपले लक्ष प्राण्यांकडे नसते. मुले गर्दीत चुकू नयेत याकडे असते. मीही अशाच समजुतीने रायपूरचे प्राणिसंग्रहालय पाहावयास गेलो होतो. परत आलो तो एका आठ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाने निरुत्तर होऊन. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे ध्यानात आले, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

रायपूर हे गाव मराठी माणसाला परके नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला आणि बिंबाजी भोसले रतनपुरास राहून तेथला कारभार पाहू लागले. त्या काळी आणि पुढे नोकरीचाकरीच्या निमित्ताने गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे तिकडचीच होऊन राहिली. रायपुरात तात्यापारा नावाची वस्ती आहे, महाराष्ट्र मंडळ आहे, आणि घरात मराठी बोलता बोलता दारी आलेल्या भाजीवालीशी सहज छत्तीसगढीत भाव करणारी माणसेही आहेत. माझा एक मावसभाऊ अशाच कुटुंबांपैकी आहे. त्याच्याकडे चार दिवस मुक्कामाला गेलो असता त्याच्या नातीने आज्ञा केली, "आजोबा, उद्या जंगल सफारी!" अशा आज्ञेला अपील नसते.

रायपूरचे जुने प्राणिसंग्रहालय म्हणजे खारून नदीच्या काठचे, अटारी गावाजवळचे नंदनवन. पुढे छत्तीसगड राज्याची नवी राजधानी शहराबाहेर वसू लागली, तेव्हा तिच्या शेजारी सुमारे ३२० हेक्टर, म्हणजे जवळजवळ आठशे एकर जागा प्राण्यांसाठी राखण्यात आली, आणि १ नोव्हेंबर २०१६ रोजी, राज्याच्या स्थापनादिनी, ही जंगल सफारी लोकांना खुली झाली. मध्ये खंडवा नावाचा विस्तीर्ण जलाशय आहे आणि भोवती चार मोठी कुंपणे आहेत. तृणभक्षकांसाठी तीस हेक्टर, आणि अस्वल, वाघ व सिंह यांच्यासाठी प्रत्येकी वीस हेक्टर. येथे पाहुण्याने पायी हिंडायचे नसते. जाळ्या लावलेल्या मोटारगाडीत त्याला बसवितात; पहिले फाटक उघडते, गाडी आत जाते, ते फाटक बंद होते, आणि मगच दुसरे उघडते. राणीच्या बागेत प्राणी गजांआड आणि माणूस मोकळा असे. येथे माणूस जाळीआड आणि प्राणी मोकळा. ही उलटापालट सहजासहजी झालेली नाही. तिच्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

प्राणी बाळगण्याची हौस मूळची राजेरजवाड्यांची. पुण्यात सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता आणि त्यात दूरदूरचे प्राणी आणून ठेवलेले होते. अशा संग्रहाचा हेतू वैभवाचे प्रदर्शन हाच असे. एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक बागा निघाल्या. मुंबईची राणीची बाग १८६२ साली उघडली आणि पुढे तीत प्राणीही आले. राजाचे कौतुक रयतेला पाहावयास मिळाले, हा लाभ खरा. परंतु पिंजरा मात्र तोच राहिला. लोखंडी गज, सिमेंटची जमीन, एक पाण्याचा हौद आणि त्यात या गजापासून त्या गजापर्यंत येरझारा घालणारा वाघ. आपण ते पाहून म्हणत असू, "पाहा, कसा रुबाबात चालतो आहे!" तो रुबाब नव्हता. रानातला वाघ एका रात्रीत कित्येक कोस चालतो, हद्द तपासतो, वास घेतो, दबा धरतो. चालण्याची ती उपजत ओढ दहा पावलांच्या जागेत कोंडली, की तिची अशी निरर्थक येरझार होते. प्राण्यांचे वैद्य तिला आजाराचे लक्षण मानतात. आपण ज्याला टाळ्या देत होतो, ते दुखणे होते.

या पिंजऱ्याचे गज प्रथम काढले ते कार्ल हागेनबेक नावाच्या एका जर्मन गृहस्थाने. हँबुर्गजवळ स्टेलिंगेन येथे १९०७ साली त्याने जे प्राणिसंग्रहालय उघडले, त्यात गजांच्या जागी खंदक होते. कोणता प्राणी किती लांब आणि किती उंच उडी मारू शकतो याचे माप घेऊन त्याने खंदकाची रुंदी ठरविली आणि त्यापलीकडे खडक, झाडे, पाणी अशी रचना केली. लोकांना वाघ व आपण यांच्यामध्ये काहीच नाही असा भास झाला. दिल्लीचे प्राणिसंग्रहालय १९५९ साली उघडले, तेव्हा त्याच्या आखणीसाठी याच हागेनबेक घराण्यातील माणसाचा सल्ला घेण्यात आला होता. आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. १९९१ साली त्यात प्राणिसंग्रहालयांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून कोणालाही मनास येईल तसा प्राणी कोंडता येत नाही. जागा किती, सावली किती, वैद्य कोण, याची तपासणी होऊन मान्यता घ्यावी लागते. रायपूरची सफारी ही या मार्गावरील पुढची पायरी होय.

आता आमच्या गाडीत परत येऊ. तृणभक्षकांच्या कुंपणात चितळांचा कळप रस्त्याच्या कडेलाच होता. सांबर झुडपात उभे होते. ते दिसले ते केवळ कान हलला म्हणून. नीलगायी दूर होत्या. अस्वलाने आमची निराशा केली नाही. ते एका वारुळापाशी नाक खुपसून उभे होते आणि आमच्या गाडीची त्याने यत्किंचितही पर्वा केली नाही. अस्वलाचा ओठ लांब व लवचीक असतो आणि त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी फुंकणीसारखी ओढून घेते. हे मी नातीला सांगितले आणि तिने लगेच स्वतःचा नुकताच पडलेला दात दाखविला.

मग वाघाचे फाटक आले. गाडीतले बोलणे थांबले. चालकाने वेग कमी केला. पन्नास एकरांचे ते रान, त्यात उंच गवत, बांबू आणि दुपारची वेळ. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. सर्वांनी खिडक्यांना नाके लावली. वाघ नव्हता. म्हणजे होता, परंतु आम्हाला दर्शन देण्याची त्याची इच्छा नव्हती. गाडी दुसऱ्या फाटकातून बाहेर पडली, तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने नाराजी व्यक्त केली, आणि आमच्या नातीने मला तो प्रश्न विचारला: "आजोबा, वाघ दिसला नाही, तर तिकिटाचे पैसे परत देतात का?"

गाडीत हशा झाला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आपण तिकीट काढतो ते कशाचे? नाटकाचे तिकीट काढले आणि नट रंगभूमीवर आलाच नाही, तर पैसे परत मागण्याचा आपला हक्क आहे. वाघ हा तसा नट आहे काय? त्याने ठरल्या वेळी आपल्यापुढे यावे, असा आपला त्याच्याशी करार आहे काय? जुन्या पिंजऱ्यात तसा करार होता. फक्त त्यावर वाघाची सही नव्हती. लपण्याची मुभा हीच वाघाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय, आणि ती त्याला द्यायची तर 'दिसला नाही' हे ऐकण्याची तयारी पाहुण्याने ठेवली पाहिजे.

मग पैसे जातात कोठे? प्रथम ते रोजच्या खर्चाला जातात. पूर्ण वाढलेल्या वाघाला दिवसाला आठ ते बारा किलो मांस लागते. बहुतेक प्राणिसंग्रहालयांत आठवड्यातून एक दिवस मांसाहारी प्राण्यांना उपास घडवितात, कारण रानात त्यांना रोज शिकार मिळत नाही आणि रोज पोटभर खाणारा, न धावणारा वाघ स्थूल व रोगी होतो. प्रत्येक मोकळ्या कुंपणाच्या कडेला रात्रीच्या मुक्कामाच्या कोठड्या असतात. संध्याकाळी रक्षक हाक मारतो, प्राणी आत येतो, खातो, आणि दार सरकविले जाते. ही हाक ओळखीची असावी लागते. कोणत्या प्राण्याने अन्न शिवले नाही, कोण लंगडतो, कोणाची विष्ठा पातळ आहे, हे प्रथम कळते ते या रक्षकाला. वैद्य मागाहून येतो. पाहुणा ज्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, त्या रक्षकाच्या नजरेवर सारे प्राणिसंग्रहालय चालते.

परंतु एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. इतका खर्च आणि इतके कष्ट करून हे प्राणी राखावयाचे तरी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर छत्तीसगडात जितक्या स्पष्टपणे मिळते, तितके क्वचितच दुसरीकडे मिळेल. कारण या एका प्रदेशाने एक प्राणी गमावला आहे आणि दुसरा गमावण्याच्या बेतात आहे.

गमावलेला प्राणी म्हणजे चित्ता. आजच्या छत्तीसगडाच्या उत्तरेस कोरिया नावाचे संस्थान होते. तेथील महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी १९४७ साली एका रात्री तीन चित्ते मारले. तिन्ही नर होते. भारतातील चित्त्यांच्या शिकारीची ही शेवटची खात्रीची नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. येथे कोणी म्हणेल, त्या वेळी प्राणिसंग्रहालये असती तर चित्ता वाचला असता. इतिहास तसे सांगत नाही. चित्ते बाळगण्याची चाल आपल्या देशात शतकानुशतके होती. अकबरापाशी शिकारी चित्ते मोठ्या संख्येने होते. आपल्या कोल्हापुरासही शिकारीसाठी चित्ते पाळीत. आणि विसाव्या शतकात देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा आफ्रिकेतून मागवू लागले. मात्र पाळलेला चित्ता त्या काळी बंधनात सहसा प्रजा देत नसे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत चित्तिणीला बंदिवासात पिले झाल्याचा प्रसंग अपूर्वाई म्हणून नोंदविला आहे. त्यानंतर बंदिवासातील चित्त्याच्या जन्माची नोंद सापडते ती थेट १९५६ साली, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. म्हणजे प्रत्येक पाळीव चित्ता हा रानातून उचललेला असे. बाळगणाऱ्यांच्या हौसेने चित्ता राखला तर नाहीच, उलट रान रिकामे करण्यास हातभार लावला. २०२२ साली मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात चित्ते पुन्हा आणून सोडावे लागले, तेही नामिबियातून, समुद्रापलीकडून.

गमावण्याच्या बेतात असलेला प्राणी म्हणजे रानम्हैस. छत्तीसगडाचा हा राज्यप्राणी होय. आपल्याकडे पुष्कळ लोक रानम्हैस आणि गवा यांत घोटाळा करतात. दाजीपूरच्या रानात दिसतो तो गवा. तो गायीच्या कुळातला, पाठीवर उंच वशिंडासारखा कणा असलेला आणि डोंगर चढणारा. रानम्हैस ही आपल्या गोठ्यातील म्हशीची पूर्वज. हिला पाणी, चिखल आणि उंच गवत लागते. हिची शिंगे एवढी पसरलेली असतात की गोठ्यातील म्हैस तिच्यापुढे पारडू वाटावी. जगात आता ही जात काही हजारांतच उरली असून त्यातील बहुतेक आसामात आहेत. मध्य भारतात ती छत्तीसगडाच्या काही रानांत तग धरून आहे, आणि महाराष्ट्रापुरते म्हणावयाचे तर गडचिरोली जिल्ह्यात, कोलामार्काच्या रानात. ते क्षेत्र तिच्यासाठी २०१३ साली राखीव घोषित झाले. म्हणजे हे दुःख केवळ छत्तीसगडाचे नाही. त्यात आपलाही वाटा आहे.

ही जात का घटली? शिकार झाली, गवताळ सखल जमिनी नांगराखाली गेल्या, गुरांचे रोग रानात शिरले. आणि आणखी एक कारण असे, की गावच्या म्हशी रानात चरावयास जातात, त्यांचा रानरेड्यांशी संकर होतो आणि मूळ रक्त हळूहळू पातळ होत जाते. रायपूरच्या दक्षिणेकडील उदंतीच्या अभयारण्यात या शतकाच्या पहिल्या दशकात अशी वेळ आली, की तेथील कळपात एकच मादी उरली. तिचे नाव 'आशा' ठेवण्यात आले. तिला कुंपणात सुरक्षित ठेवून तिच्या वंशवृद्धीची खटपट सुरू झाली. परंतु दैवगती अशी, की बरीच वर्षे तिला एकामागून एक नरच होत गेले. एका मादीवर एक वंश टेकलेला, आणि ती मादी वयाने उतरणीला लागलेली.

तेव्हा विज्ञानाला साकडे घालण्यात आले. आशाच्या शरीरातील पेशी कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत नेण्यात आल्या. तेथे गावम्हशीच्या गर्भाशयात वाढवून १२ डिसेंबर २०१४ रोजी एक पारडी जन्मास आणली गेली. ती आशाची क्लोन, म्हणजे प्रतिकृती होय असे जाहीर झाले आणि तिचे नाव 'दीपाशा' ठेवले गेले. २०१८ साली तिला रायपूरच्या या जंगल सफारीत आणण्यात आले. प्रयोग धाडसाचा होता. पुढे तिच्या अस्सलपणाविषयी शंकाही निघाल्या. परंतु तो वाद बाजूस ठेवला, तरी मूळ अडचण राहतेच. प्रतिकृती म्हणजे त्याच रक्ताची दुसरी प्रत. वंश टिकतो तो रक्तारक्तातील भिन्नतेवर. एकच साथ आली आणि सर्वांची प्रकृती सारखीच असली, तर सारेच एका वेळी बळी पडतात. एका पुस्तकाच्या शंभर प्रती काढल्या म्हणजे ग्रंथालय होत नाही. म्हणूनच पुढे दुसरा मार्ग धरण्यात आला. २०२० साली आसामातील मानसच्या रानातून एक नर व एक मादी रायपूरच्या ईशान्येकडील बारनवापारा अभयारण्यात आणली गेली आणि २०२३ साली आणखी माद्या आणण्यात आल्या.

बंधनात राखून प्राणी वाचतो तरी केव्हा, हे पाहावयाचे असेल, तर छत्तीसगडाच्या सीमेलगतच्या कान्हाकडे जावे. तेथील कडक जमिनीवरचा बारशिंगा १९७० साली अवघा ६६ उरला होता. त्याच्यासाठी रानातच हिंस्र प्राण्यांपासून सुरक्षित असे कुंपण बांधले गेले. पण तेवढ्यावर कोणी थांबले नाही. काही गावे दुसरीकडे वसविण्यात आली आणि त्या मोकळ्या जमिनींवर गवत वाढू दिले गेले. कुंपणातील बारशिंगे वाढले, तेव्हा त्यांना जाण्यासाठी बाहेर गवत तयार होते. आज तेथे बारशिंगे शेकड्यांनी आहेत. कुंपणाने वेळ मिळवून दिला. जीव दिला तो गवताने. ज्यांनी ते गवत वाढावे म्हणून आपली घरे सोडली, त्यांचा त्यागही या हिशेबात धरला पाहिजे.

चित्ता, रानम्हैस आणि बारशिंगा या तीन कथांतून एकच गोष्ट निघते. प्राणिसंग्रहालय ही रानाची ठेव आहे. ठेव ठेवावयाची ती परत देण्यासाठी. ज्याला परत द्यावयाची ते रानच उरले नाही, तर ठेवीचे रूपांतर आठवणीच्या वस्तूत होते. मग तो वाघ आणि कपाटातील पेंढा भरलेला वाघ यांत फारसे अंतर राहत नाही. म्हणून प्राणिसंग्रहालयाचे मूल्यमापन त्यात किती जातींचे प्राणी आहेत यावरून करू नये. त्याच्या भिंतीबाहेर, शंभर-दोनशे किलोमीटरांवर, गवत वाढते आहे की नाही यावरून करावे.

आणि पाहुण्याचे कर्तव्य कोणते? कायद्याने ते सांगितलेच आहे. प्राण्यांना छेडणे, खाऊ घालणे, आरडाओरडा करून त्रास देणे, कचरा टाकणे, हे सारे १९९१ च्या दुरुस्तीपासून गुन्हे आहेत. फुटाण्याची पुडी प्रेमाने फेकली, तरी पुडीचा कागद हरणाच्या पोटात जातो. परंतु कायद्यात न लिहिलेले एक कर्तव्य आहे, ते म्हणजे धीर धरणे. सकाळी लवकर जावे, हळू बोलावे, आणि दहा प्राण्यांपुढे एकेक मिनिट उभे राहण्यापेक्षा एका प्राण्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे. तेव्हा आपल्याला सांबराचा कान दिसतो, अस्वलाचा ओठ दिसतो. आणि दिसल्यावर तो विसरता येत नाही.

परतीच्या वाटेवर मी नातीला एवढेच म्हणालो, "बाळ, ते तिकीट वाघ पाहण्याचे नव्हतेच. वाघ राहावा म्हणून आपण दिलेली ती वर्गणी होती." तिने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "गणपतीच्या वर्गणीसारखी?" मी हो म्हणालो. "मग पुढच्या वर्षी पुन्हा द्यायला यायचे," ती म्हणाली, आणि माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली.